चार बोटांवर एक मणी

चिखल्या हा मासा तुम्ही खाल्ला नसणार, आणि खाल्ला असलात तरी चारचौघांत कबूल करणार नाही. आमच्या बाजारात तो कुणी मांडतसुद्धा नाही. दुसऱ्या माशांबरोबर चुकून जाळ्यात आला तर मासेवाली त्याला बाजूला भिरकावते. तोंड खाली वळलेलं, ओठ जाड, अंगाला गाळाचा वास, आणि काटे तर इतके की खाणाऱ्याने जेवायला बसण्याआधी घरच्यांचा निरोप घ्यावा.

माझ्या थोरल्या जाऊबाई या घरात आल्या त्या ट्रंकेत जाळं घेऊन. त्यांचे वडील बंधाऱ्याची दारं उघडायचे-लावायचे, सरकारी नोकरी होती. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी लेकीला पाण्यात उतरवलं आणि फेकायचं जाळं शिकवलं. लग्नानंतरच्या आठव्या दिवशी जाऊबाई पहाटे गुपचूप बंधाऱ्यावर जाऊन आल्या आणि चार चिखले रांधून सगळ्यांच्या पुढ्यात ठेवले. सासूबाईंनी भांडं तसंच्या तसं उचललं आणि बाहेर पायरीवर ठेवलं. म्हणाल्या, "असलं आमच्याकडे मांजरही खात नाही." जाळं माळ्यावरच्या खिळ्याला टांगलं गेलं, ते सव्वीस वर्षं तिथेच राहिलं. जाऊबाईंना मात्र नाव पडलं, चिखलवाली. मी नऊ वर्षांनी या घरात आले आणि खोटं कशाला बोलू, मीही त्यांना त्या नावाने चिडवलं. नवीन सुनेला कुणीतरी आपल्याहून खालचं लागतं.

जाऊबाई लाँड्रीत इस्त्री करायच्या. दिवसभर उभ्या. माझे थोरले दीर घड्याळजी होते. त्यांचं दुकान म्हणजे कपाटाला दार लावलेलं, आत एक स्टूल आणि एक दिवा. डोळ्याला भिंग लावून बसले की समोर कोण आलंय तेही कळायचं नाही. बोलणं मोजून-मापून. मूलबाळ झालं नाही, त्याबद्दल दोघांनी कधी कुणाला दोष दिल्याचं मी ऐकलं नाही, आणि मी वरच्या मजल्यावर राहते, खालचं सगळं ऐकू येतं मला.

मग भाऊजींच्या पोटात गाठ निघाली.

मी शाळेच्या ऑफिसात कारकून असल्यामुळे फॉर्म, सही, रांग हे सगळं माझ्याकडे असायचं, म्हणून हॉस्पिटलात त्यांच्याबरोबर मीही गेले. डॉक्टरांनी भाऊजींना काट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो. डॉक्टर म्हणाले, "गाठ काढता येईल. पण पंचेचाळीसच्या खाली मी सुरी लावत नाही. टेबलावरून उठायला अंगात काहीतरी हवं ना? चार आठवडे देतो. दर सोमवारी येऊन वजन करून जा. चौथ्या सोमवारी पंचेचाळीस भरलं तर मंगळवारी ऑपरेशन."

"आणि नाही भरलं तर?" जाऊबाईंनी विचारलं.

"चार आठवड्यांनंतर गाठ अशा जागी पोचेल की मला हात लावता येणार नाही."

तीन किलो. आमच्यासारख्यांना लग्नसराईत चढतं एवढं वजन. आम्ही हसतच घरी आलो. दोन दिवसांत तोंडचं पाणी पळालं. दूध पोटात टिकेना. डाळीने जळजळ. अंड्याचा वास आला की भाऊजी तोंड फिरवायचे. हॉस्पिटलच्या डब्यातली पावडर घेतली तेव्हा तर मोरीपर्यंत पोचलेही नाहीत. जाऊबाई वाटी घेऊन समोर बसायच्या, ते एक घास खायचे आणि दुसरा घास हातातच धरून ठेवायचे. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तुझा तो मासा मिळेल का?"

"कुठला?"

"पायरीवर ठेवला होता आईने. मी खाल्ला होता त्यातला. दुपारी सगळे झोपल्यावर. दोन तुकडे."

जाऊबाई भांडी पुसत होत्या. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी दारामागे होते."

सव्वीस वर्षं दोघांनी हे एकमेकांपासून लपवून ठेवलं होतं. मी जिन्यात उभी राहून ऐकलं आणि मला स्वतःची लाज वाटली, चिडवल्याची.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊबाईंनी स्टुलावर चढून जाळं काढलं. मी बादली घेऊन बरोबर गेले, कारण एकटीला पाठवणं मला पटेना. बंधाऱ्यामागचं पाणी हिवाळ्यात काळं दिसतं. त्यांनी कोंड्याचे गोळे टाकले आणि आम्ही थांबलो. थोड्या वेळाने पाण्यावर बारीक बुडबुडे यायला लागले. "आला," त्या म्हणाल्या. "हा तळाशी तोंड खुपसून खातो. त्याचा श्वास वर येतो." मग मांडीएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी जाळं फेकलं. पन्नाशीची बाई, इस्त्री करून पाठीत बाक आलेली, आणि जाळं असं गोल उघडलं की मी आ वासून बघत राहिले.

जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी असतात. जाऊबाईंचा नियम होता, तो त्यांच्या वडिलांचा. दर पहाटे जाळं उचलण्याआधी त्या काठावरून चार बोटं ठेवत ठेवत जायच्या. चार बोटांवर एक मणी, पुन्हा चार बोटं, पुन्हा मणी. एकशे चार मणी होते. "दुसरा मासा जाळं पडलं की वर उसळतो," त्यांनी मला समजावलं. "चिखल्या खाली जातो. काठाखाली नाक घालतो. मणी जवळजवळ असले, काठ जड असला, तर अडतो. जरा फट सापडली की गेलाच."

त्या दिवशी पाच मिळाले. मला वाटलं, आता घरी जाऊन कढईत टाकायचे. छे. त्या माशांना त्यांनी मोरीतल्या टबात स्वच्छ पाण्यात सोडलं आणि दुपारपर्यंत तीनदा पाणी बदललं, पोटातला गाळ निघून जावा म्हणून. मग खवले, मग पोट, मग पाठीखालची काळपट पट्टी सुरीच्या टोकाने खरवडून टाकली. गाळाचा वास त्या पट्टीत असतो, हे माझ्या उभ्या जन्मात मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर खरं काम. मासा आडवा ठेवून त्याला चिरा द्यायच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर एक, पाठीपासून पोटापर्यंत, पण पोटाची कातडी कापू द्यायची नाही. एकेका बाजूला साठ-सत्तर चिरा. सुरीखाली बारीक काटे तुटताना करकर आवाज येतो. आवाज आला नाही तर चीर वाया गेली, पुन्हा द्यायची. मग मीठ, आलं, लिंबू, आणि तव्यावर मंद आचेवर इतका वेळ की तुटलेले काटे कुरकुरीत होऊन विरघळावेत. शेवटी तो मासा बोटांनी कुस्करून, एकेक चिमूट तपासून मऊ भातात. एका काट्यानेसुद्धा त्या पोटाला त्रास झाला असता.

भाऊजींनी वाटी संपवली. आम्ही दोघी श्वास रोखून मोरीकडे बघत बसलो. काही झालं नाही. भाऊजी म्हणाले, "अजून आहे का?"

पहिल्या सोमवारी काटा बेचाळीस किलो नऊशे ग्रॅमवर थांबला. जाऊबाई हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझा हात घट्ट धरून हसल्या. त्यांचं असं हसणं मी सतरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "मलाही काहीतरी काम दे. नुसता पडून राहिलो तर खाल्लेलं अंगी कसं लागेल?" घड्याळं त्यांना आता झेपत नव्हती, भिंग लावलं की डोकं गरगरायचं. जाऊबाईंनी जाळं त्यांच्या मांडीवर ठेवलं. "हे वाळवा, तुटलेलं विणा, काठ बघा. उद्यापासून जाळं तुमच्याकडे." आणि त्या दिवसापासून त्यांनी पहाटे चार बोटं ठेवून बघणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यांनी तपासलेलं मी पुन्हा तपासायचं? मग काम दिलं कशाला?" घड्याळजीच्या हाताने विणलेली गाठ होती, तिच्यावर संशय कोण घेणार?

दुसऱ्या आठवड्यात थंडी वाढली. मासे कमी झाले. एक दिवस तीन, एक दिवस एक, दोन दिवस काहीच नाही. भाऊजी अर्धी वाटी खाऊन थांबायचे. दुसरा सोमवार आला तेव्हा जाऊबाईंचा चेहरा असा झाला होता की नर्सबाईंनी त्यांनाच आधी बसायला सांगितलं. काट्याने त्रेचाळीस किलो पाचशे दाखवले.

"बघा," मी म्हणाले, "थोडं खाल्लं तरी अंगी लागतंय."

जाऊबाईंच्या पायांत पुन्हा जोर आला. घरी येताना भाऊजी पायजमा कमरेशी धरून चालत होते. मी म्हटलं, "द्या मला, कमरेत आत घेऊन देते." ते माझ्यावर खेकसले. "हात लावू नकोस." सतरा वर्षांत पहिल्यांदा खेकसले. आजारी माणूस आहे, सोडून दिलं.

तिसरा आठवडा मी अजून विसरलेले नाही. जाळं रिकामं यायला लागलं. पाण्यावर बुडबुडे यायचे, मासा तिथे आहे हे दिसायचं, जाळं बरोबर त्यावर पडायचं, आणि ओढून वर काढलं की आत गाळ, पाला, एखादी काडी. जाऊबाई पुन्हा फेकायच्या. पुन्हा. वीस वेळा, पंचवीस वेळा. लाँड्रीत त्यांनी सुट्टी टाकली आणि संध्याकाळीही जाऊ लागल्या. टाचांना भेगा पडून रक्त यायला लागलं. एकदा मी त्यांना ओढून बाहेर काढलं तर दात वाजत होते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. जवळ जाऊन ऐकलं. त्या पाण्याला म्हणत होत्या, "दोन दे. दोनच दे. उद्या मागणार नाही."

बाजारात जाऊन त्यांनी मासेवालीला विनवलं. ती हसली. "चिखल्या? विकत?" पण बाई मनाने चांगली, चार दिवस बाजूला काढून ठेवते म्हणाली. चार दिवसांत एक आला, तोही मेलेला. जाऊबाईंनी दुसरे चांगले मासे आणून रांधले. भाऊजींच्या पोटात ते ठरले नाहीत.

एवढ्या सगळ्यात त्या एकदा म्हणाल्या, "धाकटे, एक बरं झालं. आता जाळं हाताला हलकं लागतं. सवय झाली." मीही म्हणाले, हो, सवयीने होतं. आम्हा दोघींच्या अकलेला काय म्हणावं!

तिसऱ्या सोमवारी काट्याने चव्वेचाळीस किलो तीनशे दाखवले. डॉक्टर खूश. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, सातशे ग्रॅम राहिलेत. पण भाऊजींच्या गालाची हाडं मला वर आलेली दिसत होती. मी स्वतःला समजावलं की मला काय कळतंय, यंत्राला कळतं.

चौथ्या सोमवारी पहाटे आम्ही बंधाऱ्यावर गेलो. हॉस्पिटलात दहाला पोचायचं होतं आणि जाऊबाईंना एक तरी मासा त्यांच्या पोटात जायला हवा होता. वरची दारं दोन दिवस बंद होती, त्यामुळे पाणी निवळलं होतं. सूर्य वर आला तसं ऊन तळापर्यंत पोचायला लागलं. गोळे टाकले. बुडबुडे आले. जाऊबाईंनी जाळं फेकलं आणि पहिल्यांदाच आम्हाला पाण्याखालचं दिसलं. जाळं पडलं, पण बसलं नाही. हळूहळू, डुलत डुलत खाली गेलं. काठ तळाला नीट टेकलाच नाही. सात-आठ चिखले, चांगले हातभर लांब, आरामात काठाखालून निघून गेले. घाईसुद्धा केली नाही मेल्यांनी.

जाऊबाईंनी जाळं बाहेर ओढलं, काठ मांडीवर घेतला आणि चार बोटं ठेवली. मणी नव्हता. आणखी चार बोटं ठेवली. तिथे मणी होता. पुन्हा चार, नाही. पुन्हा चार, आहे. सगळीकडे अगदी सारखं अंतर, एक सूतभरही इकडे-तिकडे नाही. असं काम जगात एकाच माणसाचं होतं. एकशे चार मण्यांतले बावन्न उरले होते.

"त्यांनी काढले?" मी म्हणाले. "कशाला? शिशाचं करायचं काय त्यांना?"

त्या काठ हातात धरून बसल्या. मग मलाच ते कळलं. कमरेशी धरलेला पायजमा, माझ्यावर खेकसणं, थोडं खाऊनही चढणारं वजन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी जाऊन विचारते. आत्ताच्या आत्ता विचारते. तुम्ही इथे पाण्यात मरताय आणि..."

"तू काही बोलायचं नाहीस," त्या म्हणाल्या.

घरी आलो तर भाऊजी तयार होऊन खाटेवर बसले होते. लांब शर्ट, वर स्वेटर. त्यांनी विचारलं, "मिळाला?" जाऊबाई म्हणाल्या, "नाही मिळाला." मग त्यांनी स्वेटर खाली ओढून नीट करायच्या निमित्ताने त्यांच्या कमरेला हात लावला. मी बघत होते. शर्टावरून त्यांची चार बोटं नेफ्यावर टेकली, मग जरा पुढे सरकली. हात काढून घेतला आणि म्हणाल्या, "चला, उशीर होतोय."

रिक्षात मी त्यांच्या कानाला लागले. पुढचं सांगताना मला अभिमान वाटत नाही. मी म्हणाले, "वहिनी, गप्प राहू या. काट्यावर पंचेचाळीस भरेल. उद्या ऑपरेशन होईल. गाठ निघेल. कुणाला कळणार आहे?" त्या बाहेर बघत राहिल्या. हॉस्पिटलचं फाटक आलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "टेबलाला कळेल." आणि जिना चढताना म्हणाल्या, "पण मला गप्प राहायचंय गं. देवाशपथ, मला गप्प राहायचंय."

भाऊजी काट्यावर चढले. नर्सबाई वाकून म्हणाल्या, "पंचेचाळीस किलो शंभर! वा!" त्यांनी कागदावर लिहिलंही. डॉक्टरांनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. "उद्या सकाळी आठला. रात्रीपासून काही खायचं नाही." भाऊजींनी जाऊबाईंकडे बघितलं. घड्याळ दुरुस्त झाल्यावर गिऱ्हाइकाच्या हातात देताना बघायचे ना, तसं.

जाऊबाई म्हणाल्या, "डॉक्टर, थांबा."

त्या काट्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. भाऊजींचा शर्ट वर केला आणि नाडीची गाठ सोडली. भाऊजींनी त्यांचा हात धरला, पण त्या हातात आता जोर कुठे होता? नाडीत ओवलेले मणी एकामागून एक फरशीवर पडायला लागले. टक, टक, टक. काही काट्याखाली गेले, काही नर्सबाईंच्या पायाशी, एक गडगडत दारापर्यंत गेला. पायजमा वर धरून जाऊबाईंनी नाडी पुन्हा बांधली आणि म्हणाल्या, "आता मोजा."

बेचाळीस किलो आठशे.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गुंगीचं औषध वजनावर देतात," एवढंच म्हणाले. मग, "बाई, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. उद्या ते टेबलावरच गेले असते."

"पुढची तारीख द्या," जाऊबाई म्हणाल्या. "मी पंधरा दिवसांत पंचेचाळीस करते. खरे करते. जाळं आता नीट होईल."

"तारीख देऊन काय करू? गाठ थांबणार नाही."

"आठ दिवस द्या."

"बाई."

"डॉक्टर, आठ दिवस. मी पाण्यातून बाहेर येणार नाही. रात्रंदिवस..." आणि त्यांनी डॉक्टरांचे पाय धरले. त्यांना उठवताना मी रडत होते. त्यांच्या डोळ्यांत मात्र पाण्याचा थेंब नव्हता. डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या.

मग जाऊबाई फरशीवर बसून मणी गोळा करायला लागल्या. काट्याखाली हात घालून, बाकाखाली वाकून. बावन्न मोजून पदरात बांधले.

बाहेर बाकावर भाऊजी म्हणाले, "दुसऱ्या सोमवारी वजन वाढलेलं नव्हतं. मला आतून कळत होतं. काट्यापुढे तुझं तोंड बघवलं नसतं. थोडेच घेतले. म्हटलं, पुढच्या आठवड्यात वजन खरोखर वाढेल, मग परत लावून टाकीन." ते धापा टाकत थांबले. "एवढे मणी होते. थोडे गेले तर काय बिघडतंय, असं वाटलं. चाकाचा एक दात गेला तर घड्याळ थांबतं हे मला कळतं. पण जाळ्यातलं मला काय कळतंय?" मग त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. "मण्यांमुळे तर मासे सुटले नाहीत ना गं?"

मी तोंड उघडलं होतं. जाऊबाईंनी माझा पाय दाबला. "थंडी आहे," त्या म्हणाल्या. "थंडीत मासे मिळत नाहीत."

त्यांचा विश्वास बसला नाही. रिक्षात, घरी, जेवताना, त्यांनी तीनदा तेच विचारलं.

दुपारभर जाऊबाईंनी मणी परत ओवले. चार बोटं, एक मणी. दुसऱ्या दिवशी पहाट झाली तशी जाळं उचललं. मी म्हटलं, "वहिनी, आता कशाला?" त्या म्हणाल्या, "जेवतील ना ते आज? का उपाशी ठेवू?" मी बादली घेतली.

पाणी तसंच निवळ होतं. गोळे, बुडबुडे. जाळं पडलं ते धपकन तळाला जाऊन बसलं. ओढायला लागल्या तर एकटीला ओढेना, मीही उतरले. चौदा चिखले होते. एका फेकीत चौदा. बादलीत मावेनात, शेपट्या बाहेर आपटत होत्या.

जाऊबाई ओल्या दगडांवर मटकन बसल्या. "मासे होतेच गं, धाकटे," त्या म्हणाल्या. "रोज होते." आणि मग त्या रडल्या. हंबरडा फोडून, तोंडावर हात न घेता, बंधाऱ्याच्या भिंतीवर आवाज आपटून परत येईपर्यंत. मी त्यांच्याजवळ बसून बादली धरून ठेवली.

रडणं थांबल्यावर त्यांनी बंधाऱ्याच्या पाण्याने तोंड धुतलं. दोन मासे वेगळ्या डब्यात काढले. "हे माझे. बाकीचे बारा तू तुझ्याकडे वर ने. बादलीवर पोतं टाक. मागच्या जिन्याने जा, आणि पायऱ्यांवर पाणी सांडू नकोस, त्यांच्या लक्षात येईल."

मी मागच्या जिन्याने चढत असताना खालच्या खिडकीतून आवाज आला.

"किती मिळाले?"

"दोनच."

"मणी सगळे लावले होतेस?"

"सगळे. एकशे चार. तरी दोनच. थंडी आहे ना."

मग भाऊजी म्हणाले, "म्हणजे मण्यांचं काही नव्हतं."

"काही नव्हतं. तुम्हाला सांगत होते ना कालपासून."

त्यांनी सोडलेला श्वास मला जिन्यात ऐकू आला. थोड्या वेळाने खाली सुरीची करकर सुरू झाली.

ते बारा मासे मी माझ्या मोरीतल्या टबात जिवंत ठेवले. चिखल्या चिवट असतो, पाणी बदलत राहिलं की जगतो. जाऊबाई रोज पहाटे जाळं घेऊन घराबाहेर पडायच्या, मागच्या जिन्याने माझ्याकडे यायच्या, स्वयंपाकघरात तासभर चहाचा कप धरून बसायच्या. मग पायांवर थंड पाणी ओतून घ्यायच्या, टबातून एक मासा घ्यायच्या आणि पुढच्या दाराने खाली जायच्या. भाऊजी विचारायचे, आज किती? त्या सांगायच्या, एकच. एकदा ते म्हणाले, "आज कमी भिजलीस. बरं झालं." दिवसाला एक याप्रमाणे बारा दिवस पुरले असते. नऊच लागले. दहाव्या दिवशी 'आज किती?' विचारायला भाऊजी नव्हते. उरलेले तीन आम्ही दोघींनी बंधाऱ्यात नेऊन सोडले.